अपुऱ्या नकाशांचा बाजार

कादंबरीतल्या गावात वाचक पाहुणा असतो. लेखकाने ज्या घरात नेले त्या घरात जायचे, ज्या ओसरीवर बसवले तिथे बसायचे. लेखनाचा एक प्रकार मात्र असा आहे, की त्यात लेखक गाव वसवतो, वेशीवर किल्ल्यांचा जुडगा ठेवतो आणि निघून जातो. पुढे त्या गावात कोण राहायला आले, कोणाचा खून झाला, राजा टिकला की पळाला, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे मेजाभोवती बसून खेळायचे भूमिकाखेळ, यांच्यासाठी लिहिली जाणारी काल्पनिक विश्वे या प्रकारात मोडतात. खेळणारे त्यांना ‘सेटिंग’ म्हणतात. मी या लेखात खेळविश्व म्हणेन.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो: दार बंद आहे, आतून कोणीतरी कण्हते आहे. आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतात. निकालाची खात्री नसेल तिथे फासे टाकायचे. फाशांचा अर्थ नियमांच्या पुस्तकात असतो. ते दार कोणत्या शहरात आहे, आत कोण कण्हत असेल आणि त्या शहरात दार फोडल्यास काय शिक्षा होते, हे खेळविश्वाच्या पुस्तकात असते.

अशी पुस्तके काढणाऱ्या मोठ्या कंपन्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. बाकी सारे लहान प्रकाशक: एक लेखक, एक चित्रकार, घराच्या कोपऱ्यात रचलेली खोकी. साहित्याचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जुने कॅटलॉग, प्रस्तावना आणि शेवटच्या पानावरचा बारीक अक्षरांतला मजकूर वाचत वाचत जे हाती लागले, त्यावर हा लेख उभा आहे. या वाचनातून माझे मत असे झाले आहे, की खेळविश्वाची समीक्षा केवळ त्याच्या मजकुरावर करता येत नाही. ते किती तुकड्यांत विकले गेले, कोणत्या दुकानातून गेले आणि कोणत्या परवान्याखाली छापले गेले, यावर त्याचा घाट ठरतो. खेळणाऱ्याने त्यात घातलेली भर कोणाच्या मालकीची होणार, हेही तिथेच ठरते.

वर्गणीदारांचे शहर

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा पहिला प्रकाशित खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला आणि १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून ‘टीएसआर’ या छोट्या संस्थेने काढला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. एका खोक्यात तीन पुस्तिका. त्यांत नियम होते, राक्षस होते, जादू होती. खेळायला तयार असे शहर नव्हते. ते प्रत्येक सूत्रधाराने आपले आपण रचावे अशी अपेक्षा होती.

ही उणीव इलिनॉय राज्यातल्या दोन खेळगड्यांनी हेरली. बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी १९७६ मध्ये ‘जजेस गिल्ड’ सुरू केली आणि ‘सिटी स्टेट ऑफ द इनव्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड’ हे शहर विकायला काढले. आधी शहराचा भलामोठा नकाशा, मग वर्गणीदारांना टपालाने हप्त्याहप्त्याने पुढचा मजकूर. मासिकात क्रमशः येणारी कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना ही रीत अनोळखी वाटणार नाही. भांडवल नसलेल्या माणसाला वर्गणी हाच आधार. पुढच्या हप्त्याचा कागद मागच्या वर्गणीतून येतो.

या रीतीचा मजकुरावर काय परिणाम झाला ते पाहण्यासारखे आहे. शहरातल्या प्रत्येक दुकानाची नोंद चार-सहा ओळींची. दुकानदाराचे नाव, त्याची ताकद आकड्यांत आणि बहुतेक ठिकाणी शेवटी एखादी अफवा. अफवा खरी की खोटी ते सूत्रधाराने ठरवायचे. पुढे १९७७ मध्ये ‘वाइल्डरलँड्स ऑफ हाय फँटसी’ आले तेव्हा त्यात एकाच प्रदेशाचे दोन नकाशे होते: सूत्रधारासाठी भरलेला आणि खेळाडूंसाठी बराचसा कोरा. कोरा कागद विकणे हा वरवर पाहता विनोद आहे. पण खेळाच्या दृष्टीने त्या पाकिटातली ती सर्वांत उपयोगी वस्तू होती. खेळाडू जसजसे फिरत, तसतसे पेन्सिलीने ती भरत.

गद्य म्हणून हे लेखन सामान्य आहे. मांडणी दाटीची, अक्षर बारीक, आणि त्या काळच्या तक्त्यांतल्या स्त्रियांविषयीच्या काही नोंदी आज वाचवत नाहीत. तरीही मी या शहराला महत्त्वाचे मानतो, कारण त्याच्या अपुरेपणाला कारण होते आणि त्या अपुरेपणाचा उपयोगही होता. टीएसआरने स्वतःचे ‘वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक’ १९८० साली काढले. म्हणजे मूळ प्रकाशकाच्या चार वर्षे आधी, एका छोट्या टपाली संस्थेने खेळविश्व हा विक्रीचा माल होऊ शकतो हे दाखवून दिले होते.

पण जजेस गिल्डचे हे शहर दुसऱ्याच्या नियमांवर उभे होते. त्यासाठी टीएसआरचा परवाना होता, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो राहिला नाही. संस्थेची घडी विस्कटली. शहर त्यांचे, जमीन दुसऱ्याची, अशी ही गत होती. पुढची चार दशके लहान प्रकाशकांनी या ना त्या रूपात हेच भोगले.

शेवटच्या पानावरचे बारीक अक्षर

२००० साली ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने, जिच्याकडे तोवर डंजन्स अँड ड्रॅगन्सची मालकी गेली होती, ‘ओपन गेम लायसन्स’ नावाचा खुला परवाना जाहीर केला. कोणीही आमच्या नियमांचा ठरावीक भाग वापरून पुस्तक काढा, स्वामित्वधन देऊ नका, फक्त परवान्याचा मजकूर छापा. शेकडो लहान प्रकाशक त्यातून उभे राहिले. त्यांच्या पुस्तकांच्या शेवटी तो परवाना छापलेला असे. बहुतेक वाचक ते पान उलटून पुस्तक मिटत.

जानेवारी २०२३ मध्ये ते पान एकाएकी सर्वांनी वाचले. कंपनीच्या नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरांपेक्षा जास्त उत्पन्न असेल तर वरच्या रकमेवर पंचवीस टक्के द्यावे लागणार होते आणि जुना परवाना रद्द ठरवण्याचा इरादा होता. खेळणाऱ्यांत संतापाची लाट उठली. महिना संपण्यापूर्वीच, २७ जानेवारीला, कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्याखाली खुला केला. हा परवाना आता मागे घेता येत नाही.

पंचवीस टक्क्यांची झळ लहानांना थेट लागली नसती. त्यांचे उत्पन्न त्या रेषेच्या फार खाली होते. त्यांना भीती होती ती पायाखालची जमीन काढून घेतली जाण्याची. वीस वर्षांत लिहिलेली विश्वे पुन्हा छापता येतील की नाही, हा प्रश्न होता.

याच्याच शेजारी दुसरा नमुना ठेवतो. २०१६ साली विझर्ड्सने एका ऑनलाइन दुकानाच्या साथीने ‘डंजन मास्टर्स गिल्ड’ सुरू केले. तिथे कंपनीच्या प्रसिद्ध विश्वांत घडणाऱ्या गोष्टी कोणालाही लिहून विकता येतात. लेखकाला विक्रीचा निम्मा वाटा मिळतो. उरलेला कंपनी आणि दुकान वाटून घेतात. नवख्याला तयार गिऱ्हाईक मिळते, हे खरेच. पण तिथे छापलेले तेच लेखन दुसरीकडे नेऊन विकता येत नाही. लिहिणारा तिथे कुळासारखा असतो. पीक काढावे, वाटा घ्यावा, बांधावर झाड लावले तरी ते जमिनीबरोबर राहणार. मी याला फसवणूक म्हणत नाही; अटी उघड आहेत. मात्र समीक्षकाने त्या अटी मजकुरात वाचाव्यात. तिथल्या पुष्कळ लेखनात मूळ विश्वाला धक्का लावायचे धाडस दिसत नाही, आणि स्वतःचे नवे शहर कोणी तिथे सहसा खर्ची घालत नाही. त्यात लेखकाचा हिशेब आहे, आणि तो चूक नाही.

पातळ अंक, जाड ग्रंथ

वर्गणीची जुनी रीत इंटरनेटवर पुन्हा आली ती ‘आश्रयदाते’ या नावाने. वोल्फगांग बाउर या अनुभवी लेखक-संपादकाने २००६ मध्ये ‘ओपन डिझाइन’ सुरू केले. वाचकांनी आधी पैसे द्यायचे, लेखन चालू असताना सूचना द्यायच्या, आणि तयार झालेले साहस सुरुवातीला फक्त त्यांनाच मिळायचे. झोबेक हे त्याचे शहर आणि भोवतालचे मिडगार्ड हे विश्व असे तुकड्यातुकड्याने वाढत गेले. ‘कोबोल्ड प्रेस’ ही त्याची संस्था आज या क्षेत्रातली एक भक्कम संस्था आहे. २००९ साली किकस्टार्टर आले आणि ही रीत सर्वांच्या हाती गेली. आपल्याकडच्या प्रकाशनपूर्व सवलतीचेच हे रूप. फरक इतकाच, की रक्कम ठरल्यापेक्षा वर गेली की प्रकाशक आणखी पाने, आणखी चित्रे, आणखी नकाशे कबूल करत जातो.

इथे माझी तक्रार सुरू होते. वर्गणीच्या हप्त्यात मजकूर छोटा ठेवण्याची सक्ती होती. किकस्टार्टरवर तो फुगवण्याचे आमिष आहे. ग्राहकाला जाड ग्रंथ दिसतो, रेशमी खूणफीत दिसते, आणि तो पैसे देतो. सूत्रधाराला शुक्रवारी रात्री खेळाआधी वीस मिनिटांत वाचता येईल असे काय आहे, हा प्रश्न मागे पडतो. अशी कित्येक पुस्तके कपाटात शोभतात आणि कधीच खेळली जात नाहीत. गंमत म्हणजे, याच किकस्टार्टरने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘झीन क्वेस्ट’ नावाने लहान, साध्या छपाईच्या पुस्तिकांचा उपक्रम सुरू केला, आणि बंधन घातल्याबरोबर नव्या कल्पनांचे पीक आले.

दोन्ही टोके एकाच विश्वात पाहायची तर गॅविन नॉर्मन यांचे ‘डॉल्मनवुड’ घ्यावे. ब्रिटिश लोककथांची छाया असलेले हे जंगल २०१५च्या अखेरीस ‘वर्मस्किन’ या पातळ नियतकालिकातून येऊ लागले. आठ अंक निघाले. एका अंकात शेवाळी अंगाचे बुटके लोक आणि बुरशीचे तक्ते, दुसऱ्यात आणखी काही. पीडीएफ घ्या किंवा मागणीनुसार छापलेली प्रत घ्या. वाचणाऱ्यांनी ते तुकडे आपापल्या खेळात नेले. २०२३ मध्ये नॉर्मन यांच्या ‘नेक्रॉटिक नोम’ने त्याची पूर्ण आवृत्ती किकस्टार्टरवर मांडली आणि दहा लाख डॉलरांच्या पुढे रक्कम जमली. आता तीन ग्रंथ आहेत: खेळाडूंचा, प्राण्या-राक्षसांचा आणि सूत्रधाराचा. सूत्रधाराच्या ग्रंथात जंगल सुमारे दोनशे षटकोनी तुकड्यांत विभागले आहे आणि प्रत्येक तुकड्याची नोंद एकाच साच्यात आहे.

न्यायाने बोलायचे तर हा जाड ग्रंथ माझ्या तक्रारीला बराचसा पुरून उरतो. पान उघडा, षटकोन शोधा, खेळा. आठ वर्षे तुकड्यांत वापरले गेल्याने कोणती माहिती खेळताना लागते हे लेखकाला कळले होते. तरीही वर्मस्किनमध्ये जंगलाच्या मधल्या जागा माझ्या होत्या. ग्रंथात जवळजवळ प्रत्येक जागेवर कोणीतरी आधीच राहते आहे. सोय मिळाली, पण मोकळी जागा गेली. हा सौदा प्रत्येक सूत्रधाराने आपल्यापुरता तोलावा.

याच्या उलट टोकाला स्वीडनमधले ‘मॉर्क बोर्ग’ आहे. पेले निल्सन यांचे लेखन आणि योहान नोर यांची चित्रे व मांडणी असलेले हे पुस्तक २०२० मध्ये आले. मरणपंथाला लागलेले त्यातले जग मोजक्या पानांत सांगितले आहे. रोज पहाटे फासा टाकायचा. अशुभ आकडा आला की एक भाकीत खरे होते, आणि सातवे खरे झाले की जग संपते. मग पुस्तक जाळा, अशी सूचना आहे. बाकी पाने रंग, काळा मजकूर आणि तक्ते यांनी भरलेली. सोबत तृतीय पक्षांसाठी परवाना: स्वामित्वधन नाही, परवानगीचा अर्ज नाही. परिणामी मूळ लेखकांनी न लिहिलेल्या पुस्तिकांचे मोठे मोहोळ त्याभोवती जमले. त्यातल्या बऱ्याच नक्कल वाटतात. पण त्या लिहिणाऱ्यांच्या मालकीच्या आहेत, हे मी मोलाचे समजतो.

टपालखर्चाचे राजकारण

लिहिलेले पोचवायचे कसे? दुकानांच्या वाटेने जायचे तर घाऊक विक्रेता लागतो, आणि तो छापील किमतीचा मोठा हिस्सा ठेवून घेतो. अमेरिकेतला अलायन्स हा खेळांचा बडा घाऊक विक्रेता ज्या डायमंड कंपनीच्या मालकीचा होता, तिने जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या गोदामात माल ठेवलेल्या लहानांची झोप उडाली. ऑनलाइन दुकानाने ही वाट बदलली. २००४ पासून चालणाऱ्या ‘ड्राइव्हथ्रूआरपीजी’वर पीडीएफ विकता येते आणि मागणी येईल तेवढीच प्रत छापली जाते. प्रकाशकाला ६५ टक्के, आणि दुसरीकडे न विकण्याचे कबूल केले तर ७० टक्के. पाच टक्क्यांसाठी आपले सारे एकाच दुकानाच्या पेटीत ठेवावे का, हा प्रश्न प्रत्येकासमोर येतो. ‘इच डॉट आयओ’ या दुसऱ्या दुकानात तर दुकानाचा वाटा किती हे विकणाराच ठरवतो.

अमेरिका-युरोपाबाहेरच्या वाचकासाठी याचा अर्थ वेगळा आहे. अमेरिकी टपाल खात्याने २००७ मध्ये परदेशी समुद्री टपाल बंद केले. तेव्हापासून पातळ पुस्तिकाही विमानाने येते. चोवीस पानांच्या पुस्तिकेच्या किमतीपेक्षा तिचा टपालखर्च जास्त, हा अनुभव मी अनेकदा घेतला आहे. त्यामुळे भारतातला वाचक हा प्रामुख्याने पीडीएफचा वाचक आहे. उलट दिशेनेही तेच. इथे छापून तिकडे पाठवणाऱ्याला पुस्तक कितीही स्वस्तात छापता आले, तरी टपाल तो फायदा खाऊन टाकते.

नदी कोणाची

आता मला हा सारा खटाटोप का वाटला त्याकडे येतो. आपल्या उपखंडाची सावली या विश्वांवर सुरुवातीपासून आहे. १९७५ मध्ये टीएसआरने काढलेले ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हे एम. ए. आर. बार्कर यांचे. ते मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई विषयांचे प्राध्यापक होते. त्यांच्या टेकुमेल या विश्वाला स्वतःच्या भाषा, लिपी, देवता, वंशावळी आहेत. युरोपी किल्ले-सरदारांच्या गर्दीत ते वेगळेच उठून दिसले. पण २०२२ मध्ये टेकुमेल फाउंडेशननेच जाहीर केले, की १९९१ साली टोपणनावाने निघालेली एक नवनाझी कादंबरी बार्कर यांची होती. या माहितीनंतर टेकुमेलचे काय करायचे? ते विश्व एका माणसाचे आणि त्याच्या वारसांचे राहिले, म्हणून त्या माणसाचे ओझेही त्याच्यावर राहिले. खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षे घातलेली भर वेगळी काढून तिला स्वतंत्र घर देण्याची वाट त्या व्यवस्थेत नव्हती.

दुसरे उदाहरण ताजे आहे. २०२२ मध्ये विझर्ड्सने ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ हा तेरा साहसांचा संग्रह काढला. त्यात कोलकात्याच्या लेखिका मिमी मंडल यांनी शंखभूमी नावाचा, बंगालच्या नद्यांची आठवण देणारा प्रदेश रचला आहे. दलित लेखिकेने लिहिलेले बंगाली वळणाचे विश्व या खेळाच्या अधिकृत पुस्तकात येणे ही लहान गोष्ट नाही. पण त्या प्रदेशाला संग्रहात थोडीच पाने आहेत, आणि त्यांचा पुढचा मालक कंपनी आहे. शंखभूमीचा दुसरा भाग निघावा की नाही, हे लेखिकेच्या हातात नाही.

तिसरी वाट मलेशियातून दिसते. झेडेक स्यू आणि चित्रकार मुनकाओ यांनी ‘अ थाउजंड थाउजंड आयलंड्स’ नावाने आग्नेय आशियाई वळणाच्या पुस्तिका काढल्या. एकीत मगरींचे राज्य, दुसरीत अरण्यातले गाव. आकडे नाहीत, कोणत्याही कंपनीचे नियम नाहीत. हव्या त्या खेळात न्याव्यात. नियमांचे आकडे टाळल्याने परवान्याची गरजच संपली. ही युक्ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. शिवाय आकडे गेले तेव्हा वर्णनावर भार आला आणि वर्णन सुधारले. त्या पुस्तिकांतला प्रत्येक गावकरी दोन-तीन वाक्यांत उभा राहतो.

पुण्या-मुंबईत हे खेळ इंग्रजीतून खेळणारी मराठी मुलेमुली आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या कोकणातल्या एखाद्या खाडीवरचे, देवराईचे, बंद पडलेल्या गिरणीचे विश्व लिहील. त्यांना माझे सांगणे व्यवहाराचे आहे. पहिली पुस्तिका बत्तीस पानांत संपवा आणि नकाशाचा अर्धा भाग कोरा सोडा. दुसऱ्याचे आकडे टाळता आले तर टाळा. नाहीच टाळता आले तर मागे घेता न येणाऱ्या परवान्यातलेच घ्या. इथे दोनशे प्रती छापा, बाहेर पीडीएफ विका, आणि एकाच दुकानाशी बांधून घेऊ नका. शेवटच्या पानावर मराठीत तीन गोष्टी स्पष्ट लिहा: हे विश्व कोणाचे, त्यात इतरांना काय लिहिता येईल, आणि ते जे लिहितील ते कोणाचे राहील. देवराईची गोष्ट ज्या आजीकडून ऐकली तिचे नाव घालायचे असेल, तर त्याच पानावर जागा ठेवा.